रॉनी बार्कर: नटामागे लपलेला लेखक

ब्रिटिश विनोदी नट रॉनी बार्करचं नाव निघालं की लोक 'पॉरिज' या टीव्ही मालिकेतल्या फ्लेचर या कैद्याबद्दल भरभरून बोलतात. बोलावंच, काम तसंच आहे. पण त्या मालिकेची संहिता डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने यांची. बार्कर स्वतः काय ताकदीचा लेखक होता याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला ते मनापासून खटकतं.

1968च्या सुमारास डेव्हिड फ्रॉस्ट या सूत्रसंचालकाच्या टीव्ही कार्यक्रमासाठी जेराल्ड वायली नावाच्या कुणा अज्ञात लेखकाची स्किट्स एजंटमार्फत येऊ लागली. वायली म्हणजे बार्करच. कार्यक्रमातल्या नटाचं लिखाण भिडेखातर कुणी घेऊ नये, एवढाच हेतू. वाचनाच्या वेळी संशय येऊ नये म्हणून तो वायलीच्या लिखाणाला सगळ्यांदेखत नावंही ठेवायचा. हा नाटककार टॉम स्टॉपर्ड तर नव्हे, असेही तर्क लढवले गेले. शेवटी एका चायनीज रेस्टॉरंटमध्ये सगळ्यांना जेवायला बोलावून त्याने उठून सांगितलं, वायली मीच.

पुढे रॉनी कॉर्बेटबरोबरच्या 'द टू रॉनीज' या टीव्ही कार्यक्रमात (1971 ते 1987) त्याने पुष्कळ लिहिलं. 1976चं हार्डवेअर दुकानाचं स्किट घ्या. मूळ कल्पना लंडनच्या हेज भागातल्या खऱ्याखुऱ्या दुकानदारांनी पत्राने कळवलेली. गिऱ्हाईक बार्कर, दुकानदार रॉनी कॉर्बेट. गिऱ्हाईक 'ह' खाऊन बोलतो. त्याला हवे असतात 'फोर्क हँडल्स', म्हणजे बागकामाच्या फोर्कचे दांडे. दुकानदार काढून देतो चार मेणबत्त्या, 'फोर कँडल्स'. इथवर शब्दांचा खेळ कुणालाही जमेल. बार्करची खरी कारागिरी पुढे आहे: प्रत्येक गैरसमजापायी दुकानदाराला एक हेलपाटा पडतो. 'ओज' मागितल्यावर आधी जमीन उकरायचं अवजार ('हो') येतं, मग पाण्याची नळी ('होज'), मग बायकांचे लांब मोजे ('पँटीहोज'). हवी असतात फाटकावर लावायची 'ओ' अक्षरं. शिडीवर चढून अक्षरांचं खोकं काढायचं, परत जागेवर ठेवायचं, की लगेच गिऱ्हाईक 'पीज' मागतो. दुकानदाराला वाटतं, 'पी' अक्षरं. पुन्हा शिडी, पुन्हा खोकं. आणि हवे असतात मटारचे डबे!

क्रम बघा. 'पीज' आधी आणि 'ओज' नंतर ठेवलं असतं तर सगळं कोसळलं असतं, कारण अक्षरं मागितली जाऊ शकतात हे दुकानदाराला आधी शिकवावं लागतं. आणि गिऱ्हाईक एकदाही चिडत नाही, हसत नाही. त्याने एक डोळा जरी मिचकावला असता तरी तो मुद्दाम छळतोय असं वाटून मजा गेली असती. त्याला खरंच सामान हवंय, म्हणून दुकानदाराचा पारा चढत जातो. शेवटाबद्दल मात्र बार्कर समाधानी नव्हता. गिऱ्हाइकाची यादी वाचून दुकानदार आत निघून जातो, दुसरा माणूस बाहेर येऊन "कसले बिलहुक्स (फांद्या छाटायचे कोयते) हवेत?" विचारतो. हा शेवट त्याला कच्चा वाटे आणि पुढे तो त्याने बदललाही. मला त्याचं म्हणणं पटतं. इतक्या चढत गेलेल्या रागानंतर नुसता शिवीसारखा ऐकू येणारा शब्द कमी पडतो.

1987च्या अखेरीस, अवघ्या 58व्या वर्षी, तो निवृत्त झाला आणि इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टन गावी जुन्या वस्तूंचं दुकान काढून बसला. पुढे मोजकी कामं केली, 2005मध्ये गेला.

एकांकिका स्पर्धांसाठी विनोदी लिहिणाऱ्यांनी हे स्किट एकदा आवाज बंद करून बघावं. फक्त कॉर्बेटचे पाय, शिडी आणि काउंटरवर साचत जाणारं सामान बघा. संवादांशिवायही राग कुठल्या वस्तूपाशी किती वाढला ते कळतं.