आधी पुस्तकांची पेटी, मग लिंक

बेळगावच्या आमच्या जुन्या मित्रमंडळीत सध्या एक वाद रंगलाय: वाचनालयांनी शाळकरी मुलांसाठी ऑनलाइन वाचनगट काढावेत का? काहीजण म्हणतात, पोरं आधीच मोबाइलला चिकटलेली, त्यात वाचनालयानंही मोबाइलच हातात द्यायचा? बाकीचे म्हणतात, पोरं जिथं आहेत तिथंच त्यांना गाठायला हवं. मी ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला राहतो. इथल्या ग्रंथालयाचं काम जवळून बघतो आणि मला वाटतं, या भांडणात खरा प्रश्न राहूनच जातोय. मुलापर्यंत पुस्तक पोचवणार कोण?

ब्रिटनमध्ये 1999 पासून उन्हाळी सुट्टीत ‘समर रीडिंग चॅलेंज’ चालतं. मूल ग्रंथालयात नाव नोंदवतं, पुस्तकं फुकट घरी नेतं. वेल्समध्ये हे इंग्रजी आणि वेल्श, दोन्ही भाषांत. 2020 साली ग्रंथालयांना कुलपं लागली, तेव्हा ते ऑनलाइन गेलं.

आमच्या शेजारची एक मुलगी अशाच एका ऑनलाइन वाचनगटात असायची. कधी तोंड उघडायची नाही. एकदा ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "गोष्टीतली आजी खोटं का बोलली असेल?" सगळे बोलून झाल्यावर हिनं चॅटमध्ये लिहिलं, "नातवाला घर सोडून जाता यावं म्हणून." बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि उरलेला सगळा वेळ त्या एका वाक्यावर चर्चा झाली. वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या मुलांना इथं बोलायला जागा मिळते, म्हणून मी ऑनलाइन गटांच्या बाजूचा आहे. पण तिच्या मांडीवर ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक होतं, हेही तितकंच खरं.

आता बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी या गावांकडं बघा. पावसाळ्यात तिथं वीज आणि रेंज, दोन्हींचा भरवसा नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमाला तिथलं पोर बेळगावात येऊ शकत नाही, म्हणजे ऑनलाइन गटाची खरी गरज त्यालाच. त्याच तालुक्यात मराठी शाळेत शिकवणारी माझी मावसबहीण फोनवर म्हणाली, "दादा, लिंक पाठवशील रे, पण पुस्तकच नाही आलं तर पोरं बोलणार कशावर?"

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, आणि ते सरकारी नाही. त्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण म्हणून सरकारी ग्रंथालयांकडं पाठ फिरवणं मला पटत नाही. कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्यानं घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतला जातो, आणि तो मराठी घरंही भरतात. ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत 6 ते 18 वर्षांच्या मुलांना सदस्यत्व मोफत आहे. तिथं मराठी पुस्तकं मागणं हा आपला हक्क आहे, आणि तो मागताना कुणापुढं हात पसरल्यासारखं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, आज सहावीत असलेलं पोर तोवर सहावीतच थांबणार नाही.

काहींना हे रुचणार नाही, पण गटात एखाद्या महिन्यात कन्नड पुस्तकही घ्यावं. ही मुलं शाळेत कन्नड शिकतातच. त्यानं मराठी बुडत नाही.

सुरुवात एप्रिल-मेच्या सुट्टीत व्हावी. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती एका पेटीत, पेटी गावोगाव फिरती, आणि पंधरवड्यातून एकदा ऑनलाइन गप्पा. पहिल्या पेट्यांचा खर्च आम्ही परदेशातली मंडळी उचलू. गट चालवणाऱ्या ग्रंथपालाचं मानधन मात्र ग्रंथालय करातूनच निघायला हवं, नाहीतर आमचा उत्साह ओसरला की गटही बंद पडेल.