पाच ओळींचा त्रिकोण

पहिल्या ओळीत 1, दुसरीत 1 2, तिसरीत 1 2 3, असं पाचवीपर्यंत. पहिलीतलं पोरसुद्धा पाटीवर काढेल. पण इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला हा त्रिकोण स्वतः काढायचा नसतो, सी भाषेत सांगून संगणकाकडून काढून घ्यायचा असतो. स्वतः करणं सोपं आणि करवून घेणं अवघड, हे घराला रंग काढलेल्या कुणालाही विचारा.

"बाहेरचा लूप ओळी मोजतो, आतला आकडे छापतो. बाहेरचा आय, आतला जे. जे आयला गाठेपर्यंत चालतो," एवढं सांगून सर मोकळे झाले. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा, आणि आय-जे म्हणजे फेऱ्या मोजणारे आकडे. समजलं का, विचारल्यावर सगळा वर्ग "हो सर" म्हणाला. मीही म्हणालो, एकट्याने बोंब कशाला मारा?

प्रॅक्टिकलला टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर प्रोग्रॅम टाइप केला, तो चालवायला कंट्रोल एफ नाइन दाबलं आणि एकांचा पूर आला. नुसते 1. आतल्या लूपमध्ये जे वाढवायच्या ऐवजी मी आय वाढवला होता. जे बिचारा एकावरच उभा आणि आय सुसाट. टर्बो सीमध्ये इंटला, म्हणजे पूर्णांकाला, दोनच बाइट जागा, म्हणजे धाव 32767 पर्यंत. त्यापुढे आय गडगडला तो थेट उणे 32768 वर. मग पडदा कोरा. संपलं एकदाचं, म्हणून मी हुश्श केलं. पण आय हजारो रिकाम्या ओळी छापत पुन्हा एकाकडे चढत होता. पोचला, आणि पुन्हा पूर!

"कंट्रोल ब्रेक दाब," शेजारचा म्हणाला. ब्रेकचं बटण आधीच्या कुठल्यातरी बॅचने उपटून नेलं होतं. शेवटी मशीनच बंद केलं. प्रोग्रॅम अर्थातच सेव्ह केला नव्हता.

दुसऱ्यांदा पडद्यावर उभे 2, 3, 4, 5, 6 आले. एरर शून्य. हरवलेला 1 मी अर्धा तास शोधला. आतल्या लूपच्या 'फॉर'च्या कंसापुढे सवयीने अर्धविराम पडला होता, त्यामुळे लूप काही न छापता नुसताच फिरून यायचा आणि आयच्या एक पुढे गेलेला जे तेवढा छापला जायचा. सर मागून बघून गेले. काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पुढचा त्रिकोण मधोमध हवा होता, म्हणजे आधी मोकळ्या जागा सोडणारा तिसरा लूप. तो डोक्यात घेऊनच दिवाळीला घरी आलो. आई अंगणात गेरूवर '15 ते 8'चे ठिपके घालत होती. मधली ओळ 15ची, मग दोन्हीकडे एकेक कमी, प्रत्येक ठिपका आधीच्या दोघांच्या बरोबर मध्ये. वही नाही, आय नाही, जे नाही. शेजारच्या काकूंशी चकलीच्या भाजणीवर बोलणं चालूच.

"नुसता बघतोस काय? पुढची ओळ घाल, 14ची."

घातली. आईने एक नजर टाकली आणि शेवटचा ठिपका बोटाने पुसला.

"14 सांगितले होते."

लूप एक फेरी जास्त फिरला होता. पेक्षा लहानच्या चिन्हाखाली मी नेहमीप्रमाणे बरोबरचं चिन्ह ठेवलं होतं.