‘बाबांना गोळीची गरजच आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

झोपेच्या गोळ्यांवरच्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आई आजारी होत्या तेव्हा बाबांना (वय ७१) अल्प्राझोलाम ०.५ मिलीग्रॅम दोन आठवड्यांसाठी लिहून मिळाली. पुढे ती दीड वर्ष चालू राहिली, ‘त्रास काहीच नव्हता’. लेख वाचून त्यांनी ती एकदम बंद केली. आता तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतायत. म्हणजे त्यांना गोळीची गरज आहेच, आणि आम्ही लोकांना उगाच घाबरवतो.

वाद नंतर घालू. आधी आजचं काम. ज्या डॉक्टरांकडे बाबा जातात त्यांना आत्ता फोन करा आणि ‘दीड वर्ष रोज ०.५, तीन दिवसांपूर्वी एकदम बंद, हाताला कंप’ एवढं स्पष्ट सांगा. अशा वेळी डॉक्टर बहुधा आधीचाच डोस परत सुरू करतात, माणूस स्थिर झाला की मग पायरीपायरीनं कमी करतात. डॉक्टर भेटत नसतील तर कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. बाबा असंबद्ध बोलू लागले, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, ताप चढला किंवा फिट आली, तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. ‘महिनाभराच्या वर चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका’ हे लेखात होतं, ते इथे पुन्हा लिहितो, कारण या गोळ्या घेण्यातला सर्वांत मोठा धोका बऱ्याचदा त्या एकाएकी सोडण्यात असतो.

आता तुमचा मुद्दा. तीन रात्री झोप लागली नाही, यावरून गरज सिद्ध होत नाही. मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन चेतापेशींना आवर घालतं. अल्प्राझोलाम त्या आवराला बाहेरून जोर देते. रोज आयता जोर मिळाला की मेंदू स्वतःचा आवर सैल करत जातो. गोळी काढली की बाहेरचाही आधार गेला आणि आतलाही अजून तयार नाही, म्हणून कंप, घाम, धडधड आणि आधीपेक्षाही वाईट निद्रानाश. झोप आणण्याचा गुण तर काही आठवड्यांतच बोथट होऊ लागतो. त्यानंतर गोळीनं निर्माण केलेली उणीव गोळीच भरून काढत असते, आणि घरच्यांना ‘गोळी लागू पडतेय’ असं वाटत राहतं.

‘त्रास काहीच नाही’ हेही जरा तपासून पाहा. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला तरुण माणसात साधारण ११ तास लागतात, वयस्कर माणसात १६ च्या आसपास. म्हणजे रात्री दहाची गोळी सकाळी पर्वती चढताना अंगात असते. बाबा रात्री लघवीला उठताना भिंत धरतात का? एकच गोष्ट दोनदा विचारतात का? हे वयावर ढकललं जातं आणि गोळीवर संशयच येत नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या ‘बिअर्स’ यादीत ज्येष्ठांसाठी टाळाव्यात अशा औषधांत अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा हा सगळा गट आहे, झोल्पिडेम या दुसऱ्या झोपेच्या गोळीसकट. मुख्य कारण पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं.

डोस उतरवायचा कसा, हे डॉक्टरच ठरवतील, पण ढोबळ रीत माहीत असलेली बरी. दर दोन आठवड्यांनी साधारण पाव भाग कमी. बाजारात ०.२५ ची गोळी मिळते, तिच्यामुळे सोपं जातं: आधी एक अख्खी आणि एक अर्धी (०.३७५), मग एक अख्खी (०.२५), मग अर्धी (०.१२५), मग बंद. शेवटची पायरी सगळ्यांत अवघड जाते, तिथे चार आठवडे घेतले तरी चालतं. अर्धी करायला मेडिकलमध्ये मिळणारं गोळी कापायचं कटर वापरा, सुरीनं एक बाजू मोठी होते किंवा चुरा होतो. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असेल (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) तर ती तोडायचीच नाही, तोडली की सगळं औषध एकदम सुटतं. एक दिवसाआड घेण्याचा उपाय शेजारीपाजारी सुचवतील. लवकर उतरणाऱ्या गोळीला तो वाईट, कारण दर दुसऱ्या रात्री तीच ओढाताण होते. पायरी उतरल्यावर चार-पाच रात्री खराब जातील, ते धरून चला. पेठेत राहत असाल तर गणपतीच्या दहा दिवसांत पायरी उतरू नका, ढोल-ताशांच्या रात्री कुणालाच झोप नसते आणि दोष गोळी कमी केल्याला जातो.

बरोबरीनं उठण्याची वेळ पक्की ठेवा, रात्र कशीही गेली तरी तीच. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडून मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत. आणि दुपारची वामकुक्षी या काळात बंद, अगदीच नाही राहवलं तर तीनच्या आत वीस मिनिटं. दुपारी दीड तास झोपलेल्या माणसाकडे रात्रीसाठी झोप उरतच नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ साली जुनाट निद्रानाशासाठी औषधाआधी सांगितली ती हीच वर्तनोपचाराची पद्धत.

‘डॉक्टरांनी लिहून दिली होती’ असं तुम्ही म्हणता. दिली होती, दोन आठवड्यांसाठी. घरात जीवघेणं आजारपण, शोक, शस्त्रक्रिया, अशा काळात ठरावीक दिवस गोळी घेणं यात गैर काही नाही, त्याला आमचा विरोध कधीच नव्हता. घोळ होतो तो थांबायची तारीख न ठरल्यामुळे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मधली औषधं आहेत. पाकिटावर लाल चौकटीतली सूचना असते, दुकानदारानं रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. प्रत्यक्षात ओळखीच्या दुकानात जुनीच चिठ्ठी दाखवून पट्टी मिळते, आणि दोन आठवड्यांचं दीड वर्ष होतं. म्हणून नव्यानं गोळी सुरू होणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारावं: किती रात्री, शेवटची कधी, रोज की आठवड्यातून दोन-तीनदा? पट्टी न घेता मोजून सात गोळ्या घ्याव्यात. आणि आपण घोरतो का, ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, सेटिरिझिन काही चालू आहे का, हे न विचारता सांगावं. ट्रॅमाडॉल किंवा दारूबरोबर ही गोळी श्वास मंदावते.

झोल्पिडेम ‘नव्या पिढीची, सवय न लागणारी’ असं तुम्ही लिहिलंय. सवय तिचीही लागते. ती जेवल्याजेवल्या घेतली तर उशिरा चढते, मग लोक दुसरी घेतात, हे अजिबात करू नये. सगळी कामं आटोपून, गादीवर पोचल्यावरच घ्यायची आणि पुढे सात-आठ तास मोकळे हवेत. रात्री दोनला घेऊन सकाळी सातला दुचाकीवरून हिंजवडी गाठणाऱ्यानं ती घेऊच नये. शिवनेरी बसमध्ये बसून तर नाहीच. सकाळी रक्तात उरणाऱ्या औषधामुळेच अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये स्त्रियांसाठी सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलीग्रॅमवर आणला. झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी काढणं, असे प्रकार घडल्यानं २०१९ मध्ये सर्वांत कडक इशाराही दिला. असा प्रकार एकदा जरी झाला तरी ती गोळी पुन्हा घ्यायची नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, अर्धवट वापरलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा असेल तर पुण्यात ससून रुग्णालयात तो विभाग आहे, आणि १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. डॉक्टर काय म्हणाले ते इथे जरूर कळवा, पुढच्या पायऱ्यांबद्दल शंका असतील तर उत्तर देईनच.