आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

४०० मेगाहर्ट्झ! माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचं तापमान ४६ अंश, पंखा बंद, चार्जर लावलेला, आणि सगळे कोअर ४०० मेगाहर्ट्झवर आडवे. टर्मिनलमध्ये अक्षर टाइप केलं की ते उमटेपर्यंत वाट बघत बसायचं. डीमेसेज, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा (कर्नलचा) लॉग, उघडावा तर तिथे सगळं आलबेल. तापल्यामुळे किती वेळा वेग पाडला ते मोजणारा कोअर थ्रॉटलचा काउंटर बघावा तर शून्य. तापला म्हणून वेग कमी केला असता तर एक शब्द बोललो नसतो. पण ह्या गार पडलेल्या प्रोसेसरला कुठल्या गुन्ह्याची शिक्षा चालली आहे, ते तरी सांगा!

शेवटी प्रोसेसरच्या आतली स्थिती सांगणारी एमएसआर रजिस्टरं एकेक करून वाचली. हेक्समध्ये १९सी क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये तापमानाचा बिट शून्य, पण प्रोचॉटचा, म्हणजे ‘तापलंय, वेग पाडा’ ह्या इशाऱ्याचा, बिट एक. म्हणजे प्रोसेसर तापलेलाच नाही, त्याला बाहेरून कोणीतरी दाबून ठेवलंय. ही प्रोचॉटची लाइन दुतर्फी असते. प्रोसेसर तापला की तो ती खाली ओढतो, ते रास्तच. पण बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर, बॅटरीचं सर्किट, चार्जर न ओळखणारा एम्बेडेड कंट्रोलर (बॅटरी, पंखा सांभाळणारी बोर्डावरची छोटी चिप), ह्यांतलं कोणीही ती ओढू शकतं. कुठल्यातरी कोपऱ्यातला सेन्सर बिघडतो आणि प्रोसेसर मुकाट्याने सगळ्यात खालच्या वेगावर जाऊन बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तिकडे वेग सांभाळणारा कर्नलचा पीस्टेट ड्रायव्हर जास्तीत जास्त वेग म्हणून अजून ४ गिगाहर्ट्झच छापतोय. कागदोपत्री आमचा लॅपटॉप अगदी ठणठणीत.

उपाय माहीत आहे. १एफसी रजिस्टरचा सगळ्यात खालचा बिट (बिट ०) शून्य केला की प्रोसेसर बाहेरच्या हाकेला ओ देणं बंद करतो, आणि मशीन क्षणात जिवंत होतं. पण लॅपटॉप झोपवून उठवला की फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरलेलं कंपनीचं सॉफ्टवेअर, तो बिट पुन्हा चढवून ठेवतं, म्हणून उठल्यावर चालणारी स्क्रिप्ट लिहा. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नलचं लॉकडाउन एमएसआरमध्ये लिहूच देत नाही. आणि लिहू दिलंच, तर नवीन कर्नल लॉगमध्ये तक्रार करून स्वतःला टेन्टेड, म्हणजे डागाळलेला, ठरवून घेतो. वा रे न्याय! विनाकारण वेग पाडला त्याची लॉगमध्ये एक ओळ नाही, मी तो परत मागितला त्याची मात्र लगेच नोंद.

इथे कोणीतरी म्हणणार की हे सगळं सुरक्षेसाठी आहे. आहे ना, कोण नाही म्हणतंय? तो बिट काढला तरी प्रोसेसरचं स्वतःचं थ्रॉटलिंग शाबूत राहतं, आणि त्याहून पुढे गेलं तर तो स्वतःच बंद पडतो. पण रेग्युलेटर खरंच तापत असेल तर लाइनकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं, हेही मान्य. म्हणूनच तर ओरडतोय, की कोण ओढतंय ते सांगा! ती माहिती एम्बेडेड कंट्रोलरच्या पोटात आहे, आणि त्याच्या कागदपत्रांचं एक पानही लॅपटॉप बनवणारी कंपनी बाहेर येऊ देत नाही.

बरं, तापमान तरी धड कळतं का? सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल हार्डवेअरची माहिती फाइलींच्या रूपात मांडतो तिथे, थर्मल झोन शून्य, एक, दोन, तीन अशी रांग. एक वायफाय कार्डाचा, एक प्रोसेसर पॅकेजचा, एक एसीपीआयचा, म्हणजे फर्मवेअर आणि कर्नल यांच्यातल्या ठरलेल्या बोलीतून येणारा. कुठला कुणाचा ते शोधायला प्रत्येकाची टाइप नावाची फाइल उघडा. आणि तो एसीपीआयवाला थर्मल झोन म्हणजे निव्वळ थट्टा आहे. कित्येक बोर्डांवर तो हिवाळा असो की उन्हाळा, २७.८ अंशच दाखवतो. एसीपीआयमध्ये तापमान केल्विनच्या दशांशात द्यायचं असतं. फर्मवेअर लिहिणाऱ्याने सेन्सर न वाचता ३०१० हा आकडा ठोकून दिला की झालं २७.८! मग कोणीतरी बापडा डेस्कटॉपच्या पट्टीवर तोच आकडा लावून ‘माझं मशीन किती थंड’ म्हणून खूश. एएमडीच्या पहिल्या पिढीच्या रायझन १८००एक्स प्रोसेसरमध्ये तर चिपच खऱ्या तापमानात २० अंश मिळवून आकडा द्यायची, पंख्याचं धोरण सगळ्या मॉडेलांना सारखं लागावं म्हणून. ते वजा करायचं काम के१०टेम्प ड्रायव्हरच्या गळ्यात. थर्मामीटरने मुद्दाम खोटं बोलायचं आणि ड्रायव्हरने ते निस्तरायचं.

पंखा तरी आपल्या हातात असावा, तर तेही नाही. डेस्कटॉपवर पंख्याचा वेग ठरवणारा फॅनकंट्रोल प्रोग्राम मस्त बसवून ठेवा. एक दिवस कर्नल अपडेट होतो, ड्रायव्हर वेगळ्या क्रमाने लोड होतात, सेन्सरच्या ड्रायव्हरला मिळणारा क्रमांक बदलून कालचा एचडब्ल्यूमॉन २ आज एचडब्ल्यूमॉन ४ होतो, आणि फॅनकंट्रोल ‘कॉन्फिगरेशन जुनं झालंय’ म्हणून सुरूच व्हायला नकार देतं. चुकीचा पंखा फिरवण्यापेक्षा ते बरं, पण ड्रायव्हरला नाव असताना नंबरावर विसंबायचं कशाला? लॅपटॉपवर तर पंख्याचा वेग बदलायची पीडब्ल्यूएम फाइल बऱ्याचदा नसतेच. पंखा एम्बेडेड कंट्रोलरच्या मालकीचा, कर्नलने लांबून बघायचं.

आणि इतकं कमी म्हणून की काय, एकाच प्रोसेसरवर कारभारी किती! कर्नलचा स्टेप-वाइज गव्हर्नर ट्रिप पॉइंट, म्हणजे ठरलेली तापमानाची मर्यादा, ओलांडला की एकेक पायरी वेग उतरवतो. वर थर्मलडी हा तापमान सांभाळणारा प्रोग्राम स्वतःच्या हिशोबाने पॉवर लिमिट (प्रोसेसरने किती वॅट खावेत ते) लिहितो. ५.१२ कर्नलपासून प्लॅटफॉर्म प्रोफाइल (मशीन शांत हवं की वेगवान ते निवडायची सोय) आलं, तिथे ‘परफॉर्मन्स’ निवडलं की फर्मवेअर तीच लिमिट स्वतः बदलतं. खाली एम्बेडेड कंट्रोलरचं वेगळंच चाललेलं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. पॉवर लिमिट मी २५ वॅट लिहायची, थोड्या वेळाने बघावं तर १५. कोणी बदलली? सगळे हात वर करून मोकळे.

कर्नलवर काम करणाऱ्यांवर राग नाही माझा. बंद पेटीतल्या फर्मवेअरशी अंदाजाने बोलणारे ड्रायव्हर लिहायचे हे काही खाऊचं काम नाही. पण लॅपटॉप विकणाऱ्यांनो, विकताना ४ गिगाहर्ट्झ छापता ना डब्यावर? मग ४०० वर आणून बसवताना कारण एका ओळीत लॉगमध्ये टाका. ‘बॅटरीच्या सेन्सरने वेग पाडला’, एवढं लिहायला तुमच्या फर्मवेअरला किती बाइट लागतात?

आता उत्तरं यायला लागतील. थर्मल पेस्ट बदला, आतली धूळ काढा, खाली कूलिंग पॅड ठेवा. तापमान ४६ आहे हो! पेस्ट काय प्रोचॉटच्या लाइनला फासू?