माझ्या कामाचं नाव मला परत द्या

सोमवारी घणसोलीला उतरून शेअर रिक्षेत बसते न बसते तोच मेल आला. आजपासून तुमचं पद 'इंटेलिजंट प्रोसेस असोसिएट'.

चौथं नाव! २००७ साली महाप्याला लागले तेव्हा पत्रावर सरळ लिहिलं होतं, डेटा एंट्री ऑपरेटर. कुणालाही कळायचं. मग एक्झिक्युटिव्ह झाले, मग ॲनालिस्ट, आता हे. नवं सॉफ्टवेअर आलं की आमच्या पाट्या बदलायच्या, पगाराला मात्र हात लावायचा नाही. असोसिएट म्हणे! कुणाची? कसली?

न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या ट्रकच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, हे माझं काम. आधी मी त्या टाइप करायचे, आता मशीन वाचतं आणि मी त्याच्या चुका निस्तरते. ड्रायव्हरने मराठीत १० टन लिहिलं की ते बिनधास्त नव्वद टाकतं, कारण आपला एक त्याला इंग्रजी नऊ वाटतो. डागाळलेल्या, चुरगळलेल्या कागदावरचा तो एक मी क्षणात ओळखते. टायपिंगच्या मराठी ३०, इंग्रजी ४० च्या परीक्षा दिल्यात, अठरा वर्षं डोळे फोडलेत. हे सगळं त्या नावात कुठे आहे? नावात बुद्धी मशीनची, माणूस नुसता सोबतीला!

शेजारच्या टेबलावरच्या दादांना तर 'डेप्युटी मॅनेजर' केलं. हाताखाली एक माणूस नाही. दुसऱ्याच महिन्यात ओव्हरटाइम बंद, का तर मॅनेजरला तो नसतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आजतागायत कारकुनी काम करणारा कामगारच धरलाय आणि कोर्टसुद्धा पद नाही, प्रत्यक्ष काम बघतं. पण घराचे हप्ते चालू असताना कोर्टात जाणार कोण?

मागच्या वर्षी ऐरोलीत मुलाखतीला गेले. समोरची मुलगी माझा कागद उलटापालटा करून विचारते, "मॅडम, तुम्ही नक्की करता काय?" ॲनालिस्ट म्हणून तिला जे हवं होतं ते मला येत नव्हतं आणि मला जे येतं ते कागदावर कुठेच नव्हतं. परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत रडत आले.

त्या मेलखाली 'मान्य आहे' असं बटण आहे. आज गुरुवार, दोनदा आठवणीचा मेल आला. मी ते दाबलेलं नाही.