निगेटिव्ह रक्तगट, गर्भपात आणि ‘आता पुढे मूल होणार नाही’

‘निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईचे पहिले बाळच काय ते सुखरूप होते. पहिल्याच खेपेला गर्भ पडला, तर तो तिच्या रक्तानेच मारला असे समजावे. पुढे तिला मूल होत नाही. गर्भपातानंतर ७२ तासांत इंजेक्शन मिळाले नाही, तर मग उपाय नाही. म्हणून मुलगी निगेटिव्ह असेल तर मुलगाही निगेटिव्हच पाहावा.’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कौटुंबिक समूहांत अधूनमधून फिरत असतो आणि नुकताच गर्भ गमावलेल्या स्त्रीला तो हमखास कोणीतरी काळजीपोटी पाठवतेच. सगळाच मजकूर खोटा असता, तर तो खोडणे सोपे होते. पण त्यात एक खरी गोष्ट आहे, आणि तिच्याच आधाराने बाकीच्या चुकीच्या गोष्टी खऱ्या वाटू लागतात.

ती खरी गोष्ट आधी सांगितली पाहिजे. रक्तगटापुढचे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह हे तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचे प्रथिन आहे की नाही, एवढेच सांगते. आई निगेटिव्ह आणि गर्भ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीच्या किंवा गर्भपाताच्या वेळी गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात जाऊ शकतात, आणि तिचे शरीर त्या परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) बनवू शकते. ही प्रतिपिंडे पुढच्या गरोदरपणात वारेतून पलीकडे जातात आणि तो गर्भ पॉझिटिव्ह असल्यास त्याच्या तांबड्या पेशी मोडतात. या आजाराचा धागा प्रथम हाती लागला तो १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये. मृत बाळ जन्मलेल्या एका स्त्रीला नवऱ्याचे रक्त चढवले असता तिला तीव्र त्रास झाला, आणि तिच्या रक्तात काहीतरी वेगळे प्रतिपिंड आहे असे लेव्हिन आणि स्टेटसन या डॉक्टरांनी नोंदवले. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांनी आरएच घटकाचा, म्हणजे रक्तगटाचे हे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ज्यावरून ठरते त्याचा, शोध जाहीर केला.

आता संदेशातले पहिले विधान घेऊ. पहिला गर्भ निगेटिव्ह रक्ताने पडला, हे जवळजवळ कधीच खरे नसते. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचा दोष सापडतो, आणि त्याचा आईच्या रक्तगटाशी काही संबंध नसतो. शिवाय शरीर परक्या पेशींविरुद्ध सुरुवातीला जी प्रतिपिंडे बनवते, ती आकाराने मोठी असल्यामुळे वार ओलांडून जाऊच शकत नाहीत. ओलांडू शकणारी प्रतिपिंडे नंतर तयार होतात. त्यामुळे पूर्वी कधी चुकीच्या गटाचे रक्त चढवले गेलेले नसेल किंवा आधीचे एखादे गरोदरपण झालेले नसेल, तर पहिल्याच गर्भाला आईच्या रक्ताने इजा होणे ही दुर्मीळ बाब आहे. तिसऱ्या महिन्याच्या आत वारंवार गर्भपात होत असतील, तरी कारण बहुधा दुसरीकडेच शोधावे लागते, कारण आरएच आजार त्याहून पुष्कळ पुढच्या महिन्यांत, गर्भाचे रक्त कमी होत जाण्याच्या रूपाने दिसतो. ‘तुझ्याच रक्ताने घालवले’ हे वाक्य सासरच्या घरात कसे वापरले जाते, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच या विधानावर थोडे अधिक थांबलो.

‘पुढे मूल होत नाही’ या विधानात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. दिवस राहण्याशी डी प्रथिनाचा संबंध नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की गर्भपातामुळे प्रतिपिंडे तयार झाली आहेत का. अँटी-डी, म्हणजे आईच्या शरीराला ही प्रतिपिंडे बनवू न देणारे इंजेक्शन, न घेता पूर्ण दिवसांच्या पॉझिटिव्ह बाळाची प्रसूती झाली आणि आई-बाळाचे ए-बी-ओ गट जुळणारे असले, तर अशा शंभरातल्या सुमारे सोळा स्त्रियांमध्ये ती तयार होतात. लवकरच्या गर्भपातात हा धोका त्याहून फार कमी आहे. नेहमी दिले जाणारे जुने अंदाज असे, की आपोआप झालेल्या गर्भपातानंतर तो शेकडा दीड ते दोन आणि क्युरेटिंग केल्यास चार ते पाच असतो. आठव्या आठवड्यात गर्भाच्या सगळ्या तांबड्या पेशी मिळून सुमारे ०.३३ मिलिलिटर आणि बाराव्या आठवड्यात सुमारे दीड मिलिलिटर भरतात, यावरून आईच्या रक्तात किती उतरू शकतील याची कल्पना येते. म्हणजे काहीही न करता सोडले, तरी बहुसंख्य स्त्रिया प्रतिपिंडांविनाच राहतात. हे निष्काळजीपणाचे समर्थन नाही. शेकडा पाच हा धोका एका इंजेक्शनाने टाळता येत असताना तो पत्करण्याचे कारण नाही.

७२ तासांच्या मर्यादेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अँटी-डी इंजेक्शनाच्या सुरुवातीच्या चाचण्या १९६०च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगातल्या स्वेच्छेने तयार झालेल्या निगेटिव्ह रक्तगटाच्या पुरुष कैद्यांवर झाल्या. त्यांना आधी पॉझिटिव्ह पेशी टोचून नंतर इंजेक्शन द्यायचे होते, आणि संशोधकांना तुरुंगात हवे तेव्हा जाता येत नसल्यामुळे मधले अंतर तीन दिवसांचे पडले, असे या संशोधनाच्या इतिहासात सांगितले जाते. तेवढ्या अंतराने इंजेक्शन लागू पडले, म्हणून तोच आकडा पुढे नियमात आला. चौथ्या दिवशी दार बंद होते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. ७२ तासांच्या आत घेणे उत्तमच. पण ती वेळ चुकली, तर ब्रिटिश मार्गदर्शनानुसार दहा दिवसांपर्यंत आणि अमेरिकी मार्गदर्शनानुसार २८ दिवसांपर्यंतही ते द्यावे, कारण काही प्रमाणात तरी संरक्षण मिळू शकते. ‘आता उशीर झाला’ असे समजून घरी बसणे हीच या संदेशामुळे होणारी खरी हानी आहे.

इंजेक्शन मुळीच मिळाले नाही, अशा स्त्रीने काय करावे? आपल्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत का हे सांगणारी इनडायरेक्ट कूम्ब्स म्हणजे आयसीटी ही साधी तपासणी करून घ्यावी. ती निगेटिव्ह आली, म्हणजे प्रतिपिंडे नसली, तर पुढच्या गरोदरपणात २८व्या आठवड्याला आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर दिले जाणारे इंजेक्शन तिच्यासाठी तितकेच उपयोगी ठरते. प्रसूतीनंतरच्या इंजेक्शनाने धोका शेकडा सोळावरून दोनच्या आत येतो आणि २८व्या आठवड्याचे इंजेक्शन जोडले की तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातो. मात्र ‘एकदा घेतले की जन्माचे काम झाले’ हा उलट गैरसमजही तितकाच चुकीचा आहे. इंजेक्शनातली प्रतिपिंडे काही महिन्यांत शरीरातून निघून जातात, त्यामुळे दर खेपेला ते नव्याने घ्यावे लागते.

बारा आठवड्यांच्या आत ते द्यावेच का, यावर मात्र तज्ज्ञांमध्ये खरोखर मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२च्या गर्भपातविषयक मार्गदर्शनात या काळात ते देऊ नये असे म्हटले आहे. ब्रिटनमध्ये आपोआप आणि पूर्ण झालेल्या लवकरच्या गर्भपातात देत नाहीत, पण पिशवी साफ करावी लागली तर देतात. आपल्याकडचे बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञ अजून ते देतात. एका डॉक्टरांनी दिले आणि दुसऱ्यांनी नको म्हटले, एवढ्यावरून कोणाचा हलगर्जीपणा ठरत नाही.

आणि आयसीटी पॉझिटिव्ह आली तर? इथे संदेशाचा ‘उपाय नाही’ हा शब्द सर्वांत जास्त खटकतो. एकदा प्रतिपिंडे बनल्यावर अँटी-डी इंजेक्शनाचा उपयोग नसतो, हे खरे. पण नवऱ्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच डी मिळालेला असेल, तर प्रत्येक खेपेला गर्भ निगेटिव्ह असण्याची शक्यता निम्मी असते, आणि निगेटिव्ह गर्भाला या प्रतिपिंडांचा काहीच त्रास होत नाही. गर्भ पॉझिटिव्ह असला, तरी प्रतिपिंडांचे प्रमाण ठराविक काळाने मोजता येते आणि गर्भाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला वेग डॉपलर सोनोग्राफीने पाहून त्याचे रक्त किती कमी झाले आहे याचा अंदाज घेता येतो. गरज पडली तर गर्भाला पोटातच रक्त देतात. न्यूझीलंडच्या विल्यम लिली यांनी हे प्रथम १९६३ साली केले. आता सोनोग्राफीत पाहून सुई नाळेच्या शिरेत घालतात आणि अनुभवी केंद्रांत असे उपचार झालेल्या दहांतली नऊहून अधिक बाळे वाचतात.

लग्नाबद्दलच्या सल्ल्यासाठी फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. भारतात शंभरातली साधारण पाच माणसे निगेटिव्ह असतात. बायोडाटामधला रक्तगट पाहून त्यांतलाच मुलगा शोधत बसायचे, तेही एका इंजेक्शनाने टळणाऱ्या धोक्यासाठी! त्यातच ‘नवरा-बायकोचा रक्तगट एक असेल तर मूल होत नाही’ असा दुसरा संदेशही त्याच समूहांत फिरतो, आणि दोन्ही पुढे पाठवणारे काका बहुधा एकच असतात.

संदेशात नसलेली एक जोखीम मात्र खरी आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरीच गर्भपात उरकणाऱ्या स्त्रीचा रक्तगट कोणी पाहत नाही आणि किती आठवडे झाले होते हेही नीट ठरत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर आधीचा गर्भपात लपवू नये. तो कितव्या आठवड्यात झाला, क्युरेटिंग झाले का आणि इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले, हे सगळे सांगावे. तारीख सांगण्याला आणखी एक कारण आहे: इंजेक्शनानंतर काही आठवडे, कधी काही महिनेही, त्यातलीच प्रतिपिंडे आयसीटीत दिसतात, आणि ती तारीख ठाऊक नसेल तर संरक्षणासाठी घेतलेल्या इंजेक्शनाचा परिणामच आजार समजला जाऊ शकतो.