पुरस्कार हवाय? आधी फ्लेक्स छापा, झाडूचं नंतर बघू

नवनिर्वाचित नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, विषय समित्यांचे सभापती आणि यातलं काहीच पदरात न पडल्यामुळे स्वीकृत झालेले सदस्य, तुम्हा सर्वांचं अभिनंदन. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या नसत्या तर प्रशासकांनी एकट्यानेच आणखी किती सन्मानचिन्हं घेतली असती कोण जाणे. आता तुमची पाळी.

या मार्गदर्शनाला निमित्त आमच्या गावच्या कार्यालयानेच पुरवलं. गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार परवा ॲपवर 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद करण्यात आली. पुरावा म्हणून जोडलेला फोटो गटाराचाच आहे, फक्त ते गटार आमचं नाही. फोटोत मागे नारळाचं झाड आहे आणि आमच्या गल्लीत औषधालासुद्धा झाड नाही. त्याच दिवशी चौकात 'राष्ट्रीय पुरस्काराबद्दल हार्दिक अभिनंदन' असा वीस फुटी फ्लेक्स चढला. ज्यांना ही दोन्ही कामं एका दिवसात जमतात, त्यांच्याकडून चार गोष्टी शिकायला हव्यात.

आधी गुणांचा हिशोब. स्वच्छ सर्वेक्षण, म्हणजे शहरांच्या स्वच्छतेला गुण देऊन नंबर लावणारी केंद्र सरकारची परीक्षा, २०१६ साली ७३ शहरांपासून सुरू झालं आणि दर वर्षी त्याची गुणपत्रिका लांबत गेली. २०२२ चंच बघा: एकूण ७,५०० गुण, त्यातले ३,००० सेवांच्या प्रगतीचे, २,२५० प्रमाणपत्रांचे आणि २,२५० नागरिकांच्या आवाजाचे. प्रमाणपत्रांत पहिले येतात कचरामुक्त शहराचे तारे: एक, तीन, पाच, सात. मग हागणदारीमुक्ती, तिचा एक प्लस, दोन प्लस, आणि सगळ्यात वर सांडपाण्याच्या प्रक्रियेचं वॉटर प्लस. हे तारे नुसते मिरवायला नसतात. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाख लोकसंख्येखालच्या शहरांच्या अनुदानातले ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच, ठेवले होते. त्यातला निम्मा वाटा स्वच्छता आणि ताऱ्यांचा, निम्मा पाणीपुरवठ्याचा. आता कळलं ना, मार्च जवळ आला की साहेब एकदम झाडू घेऊन का दिसतात?

सल्लागार नेमा. गाव कसं झाडायचं हे त्याला ठाऊक नसलं तरी चालेल, पीडीएफ कशी जोडायची हे ठाऊक हवं.

मग लॉगबुकं, म्हणजे रोजच्या कचऱ्याच्या वजनाच्या वह्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच कचरा घरात तीन भागांत वेगळा करायला सांगितलं होतं: ओला, सुका आणि घरगुती घातक. तुम्ही फक्त घंटागाडीला अर्धा हिरवा, अर्धा निळा रंग द्या आणि मध्ये पत्र्याचा पडदा ठोका. डेपोवर गाडी उलटली की दोन्हीकडचा माल एकाच ढिगात पडतो, पण तिथे कोणी फोटो मागत नाही. लॉगबुक मात्र काळजीने लिहा. रोज तेच वजन लिहिलं की नवखा तपासनीसही पकडतो. तेव्हा आकडा वर-खाली होऊ द्या, दिवाळीत वाढवा, पितृपक्षात केळीची पानं धरून ओला कचरा चढवा. सगळ्या तारखा एकाच शाईत नकोत. आणि वजनकाटा बंद असलेल्या दिवसाचं वजन तेवढं लिहू नका. ही चूक फार ठिकाणी होते.

खताचंही तसंच. ओल्या कचऱ्याचे लांबट ढीग रचायचे, ओलावा ५० ते ६० टक्के राखायचा, आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं, आठवड्याला ढीग पलटायचा आणि शेवटी चाळायचं, एवढाच उद्योग आहे. तो जमत नाही याचं कारण एकच, ढिगात निम्मं प्लॅस्टिक असतं. हवा खेळत नाही, ढीग आतून कुजतो, खालून काळं पाणी सुटतं आणि वासाने शेजारची वस्ती मोर्चा घेऊन येते. मग पाहणीच्या आदल्या दिवशी नर्सरीतून शेणखताची पोती आणायची आणि त्यांच्यावर 'हरित महासिटी कंपोस्ट' या सरकारी खताचा छाप मारायचा.

आता प्रत्यक्ष पाहणी. तपासनीस न सांगता येतो, असं पुस्तिकेत छापलेलं असतं. तो येणार हे लॉजवाल्याला, रिक्षावाल्याला आणि मुकादमाला आदल्या रात्रीच कळलेलं असतं. बसस्टँडजवळचं एक सार्वजनिक शौचालय निवडा. बाकीच्यांना 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी आणि कुलूप. निवडलेल्याला बाहेरून गुलाबी-आकाशी रंग, भिंतीवर गांधीजींचा चष्मा. आत आरसा, साबणाची बाटली, मुलांसाठी कमी उंचीचं बेसिन, सॅनिटरी नॅपकिनचं मशीन, ते जाळायचं मशीन आणि दाराशी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची बटणं असलेला डबा. बेसिनला नळ चमकता लावा. खाली पाइप जोडायची घाई नको, सोडलेलं पाणी आपोआप पायांवर जातं. नॅपकिनच्या मशीनमध्ये नॅपकिन नसतात, तशी प्रथाच आहे. डब्यावरच्या रडक्या चेहऱ्याचं बटण दाबून दाबून आत गेलेलं असतं, ते तसंच राहू द्या. व्हीलचेअरच्या रॅम्पला उतार एकास बारा लागतो, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. तुमच्याकडे जागा चार फूट. मग चार फुटांतच उरकून टाका, माथ्यावर चार इंचांची पायरी ठेवा आणि शेजारी स्टीलचा कठडा बसवा. फोटोत कठडाच दिसतो. तपासनीस गेला की साबणाची बाटली स्टोअरला परत जमा. पुढच्या वर्षी लागते.

हागणदारीमुक्तीच्या दोन प्लससाठी आणखी एक प्रश्न असतो: मैला शेवटी जातो कुठे? सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा आणि टँकर प्रक्रिया केंद्रावर रिकामा व्हायला हवा. टँकर रात्री कुठल्या ओढ्याकाठी उभा असतो हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. नोंदवहीत 'केंद्रावर रिकामा केला' असं लिहा आणि ड्रायव्हरची सही घ्या.

उकिरड्याच्या जागी रांगोळी काढा. कुंड्या ठेवा. फोटो काढा. कुंड्या उचला.

ब्रँड ॲम्बेसेडर म्हणून ठेकेदाराचा मेहुणा चालतो.

इतकं करूनही सर्वेक्षणात नंबर हुकला तर आयएसओ आहेच. जिल्हा परिषदेच्या शाळा झाल्या, अंगणवाड्या झाल्या, पोलीस ठाणी झाली, आता तुमचा जन्म-मृत्यू नोंदणी विभाग व्हायला हरकत नाही. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, ती फक्त मानकं लिहिते. प्रमाणपत्र तिसरीच कंपनी देते. त्या कंपनीला भारतात एनएबीसीबीची, म्हणजे अशा कंपन्या तपासणाऱ्या मंडळाची, मान्यता आहे का, हे बघायचं असतं. तुम्ही बघू नका. मान्यता नसलेली स्वस्त पडते आणि फाइल ठेवायचं कपाटही रंगवून देते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं असते आणि दर वर्षी तपासणी लागते, पण कमानीवर एकदा रंगवलेला '९००१:२०१५' हा मानकाचा नंबर पाऊस येईपर्यंत टिकतो. त्याच कार्यालयात लोकसेवा हक्क कायदा, २०१५ प्रमाणे कुठला दाखला किती दिवसांत मिळेल आणि अपील कोणाकडे करायचं याचा फलक लावायचा असतो. उशीर केल्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तो फलक प्रमाणपत्राच्या फ्रेमच्या मागे छान बसतो.

तेही नको असेल तर दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलातल्या खासगी पुरस्कारांचा मार्ग घ्या. नामांकन शुल्क, प्रतिनिधी शुल्क, 'नॉलेज पार्टनर' व्हायचे वेगळे. स्टेजवर एका दुपारी इतके पुरस्कार वाटतात की नाव पुकारेपर्यंत आधीचा माणूस खाली उतरलेला नसतो. प्रवासखर्च नगरपरिषद फंडातून, ठराव कार्योत्तर मंजुरीने.

आता नागरिकांचा आवाज. हा विभाग मन लावून वाचा, कारण गुण घसरतात ते इथेच. एका वर्षी नागरिकांना पहिलाच प्रश्न होता: तुमचं शहर सर्वेक्षणात भाग घेतंय हे तुम्हाला माहीत आहे का? म्हणजे कचरा उचलला नाही तरी चालेल, सर्वेक्षण चालू आहे एवढं लोकांना कळवा. शाळेतल्या मुलांकडून पालकांचे फोन मागवा, बचत गटाच्या बायकांना कर्जाच्या बैठकीला बोलावून ओटीपी घ्या. आणि तक्रारी? कचऱ्याच्या तक्रारीची मुदत तासांत मोजतात. मुदतीत बंद झाली की गुण. साफ झाली की नाही, ते नंतर. म्हणून तक्रार आली की ती आधी बंद करायची. शेरे तयार ठेवा: 'सदर बाब सार्वजनिक बांधकाम विभागाशी संबंधित आहे.' 'तक्रारदाराशी संपर्क होऊ शकला नाही.' 'पाहणी केली असता तथ्य आढळले नाही.' फोटो कुठलाही जोडा. लोकेशन छापणारं कॅमेरा ॲप मुकादमाच्या फोनमध्ये असतंच. अक्षांश-रेखांश खाली इतक्या बारीक अक्षरांत येतात की कोणी वाचत नाही.

पण कोणी वाचलेच तर? माणूस उन्हात उभा राहून फोटो काढतो, लोकेशन चालू करतो, ओटीपी टाकतो, वॉर्डाचं नाव शोधतो, तेव्हा त्याला तुमच्या गुणपत्रिकेत आकडा भरायचा नसतो. त्याच्या दारात घाण साचलेली असते. गटार का तुंबतं हे तुमच्या स्वच्छता निरीक्षकाला पक्कं ठाऊक आहे. उपसलेला गाळ वाळायला म्हणून काठावरच ठेवला जातो, तो उचलायचं बिल वेगळं, उचलणारी गाडी वेगळी, आणि पहिल्या सरीला सगळा गाळ परत आत. वर सिमेंटची झाकणं अशी पक्की बसवलेली की उघडायला हातोडा लागतो. त्यात भर म्हणून घराघरांच्या नळजोडण्यांचे जस्त चढवलेले लोखंडी पाइप त्याच गटारातून आडवे गेलेले. पाइप गंजतो, त्याला टाचणीएवढं भोक पडतं. पाणी दिवसाआड तासभर येतं. ते बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि त्या भोकातून गटार आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळाला येणारं पहिलं हंडाभर पाणी कसलं असतं, ते पिणाऱ्यांना विचारा. 'निराकरण झाले' म्हणे!

इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा देशात पहिलं आलं. तिथलं काम खोटं नाही: घरातच वेगळा केलेला कचरा, कप्प्यांच्या गाड्या, रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवायची क्षमता असलेला प्रकल्प. २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं वॉटर प्लस शहरही झालं. त्याच इंदूरच्या भागीरथपुऱ्यात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं मेली. वॉटर प्लस सांडपाण्याच्या प्रक्रियेचं असतं, नळाच्या पाण्याचं नव्हे, हे मान्य. पण ज्यांनी खरंच काम केलं त्यांच्याकडे हे होतं, तर ज्यांनी नुसत्या फाइली रंगवल्या त्यांच्या गावात काय चाललं असेल?

आता उपरोध पुरे. कराड, विटा, पाचगणी, सासवड ही काही परदेशातली शहरं नाहीत. एक लाखाच्या आतल्या गटात ही गावं देशात पहिली आली, तुमच्याच राज्यातली, तुमच्याच नगरपरिषद कायद्याखाली चालणारी. तुम्हाला जमत नाही असं नाही, तुम्ही करत नाही. सर्वेक्षणाची पुस्तिका उघडून बघा. त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न तुमच्या रोजच्या कामाचाच आहे. खोटी लॉगबुकं लिहायला जितकी माणसं बसवता तितकी गाड्यांवर पाठवा. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या नावाच्या अभियानाचं बक्षीस घेऊन स्वागतकमानी बांधताना हात कसे धजतात? कंत्राटी कामगाराला हातमोजे पाहणीच्या दिवशी देता आणि संध्याकाळी मोजून परत घेता. त्याचा पीएफ भरलाय का? पगार कितव्या तारखेला झाला? त्या माणसाचा फोटो फ्लेक्सवर कधी दिसला का?

आणि फ्लेक्सचा फोटो 'अभिमान वाटतो' म्हणून ग्रुपवर टाकणारे, बचत गटाच्या बैठकीत ओटीपी देऊन घरी येणारे, तुम्हीसुद्धा ऐका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. सर्वेक्षणाला जोडलेले कागद मागा: गेल्या वर्षभरातल्या वजनकाट्याच्या मूळ पावत्या, खताच्या विक्रीच्या पावत्या, मैल्याच्या टँकरची नोंदवही, सफाई कामगारांच्या पगाराची बँकेत जमा झालेली यादी, आणि बंद केलेल्या तक्रारींचे फोटो अक्षांश-रेखांशासह. प्रती महाग वाटल्या तर अभिलेख पाहणी, म्हणजे कार्यालयात बसून कागद बघणं, मागा, पहिला तास फुकट असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. त्याची फी वीस रुपये आहे.